साखरपाण्याने उतरणारी शुगर : औसा तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६१, वजन ५२ किलो. औसा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी; सुगीच्या दिवसांत लातूरच्या आडत बाजारात मापाडी म्हणून काम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबतच्या फायलीवर ठळक अक्षरात ‘मधुमेह’, आणि तक्रार मात्र शुगर कमी होण्याची. जेवणानंतर दीड-दोन तासांनी दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यापुढं अंधारी, कधी जीभ जड पडून बोलणं अडखळणं.

“उपाशी असलो की काईच नाही साहेब. जेवलो की व्हायलंय.”

निम्मं निदान या वाक्यातच होतं. शुगर उपाशीपोटी उतरते की खाल्ल्यावर, या एका प्रश्नावर पुढचा सगळा तपास दोन वेगळ्या वाटांना लागतो. रुग्ण, म्हणजे आमचे मामा, वारकरी. एकादशीला कधी निरंकार, कधी फराळाचा उपास. निरंकार उपासाला दिवसभर शेतात काम करूनही काही होत नसे. साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचा लाडू असा फराळ झाला की दुपारी हमखास घाम. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा याच्या उलट घडतं, उपास पडला की माणूस कोसळतो. तिच्यासाठी रुग्णाला दवाखान्यात ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून तपासतात. मामा ती परीक्षा वर्षानुवर्षं पांडुरंगाच्या नावानं देत आले होते.

त्रास दोन वर्षांपासून अधूनमधून होता. मोठा झटका आला तो येळवशीला. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं : भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि तांब्यानं आंबिल. मामा एकच्या सुमारास जेवले आणि तीनला कोपीशेजारी आडवे झाले. पोरानं चार चमचे साखर घालून पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत उठून बसले. साडेचारला पुन्हा तेच. पुन्हा साखरपाणी, पुन्हा थोडा वेळ बरं, आणि अंधार पडता पडता तिसऱ्यांदा. मग जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं २५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) १०० मिली शिरेतून दिलं. त्या रात्री पुन्हा काही झालं नाही.

मुलाचा निष्कर्ष : “साखरपाण्यानं तेवढ्यापुरतं व्हायलंय, सलाईननं मात्र बसतंय.” सलाईनवर आपल्याकडची श्रद्धा जगजाहीर आहे, त्यामुळं अशी वाक्यं दवाखान्यात कुणी मनावर घेत नाही. पण हिशेब करून बघा. चार चमचे साखर म्हणजे साधारण २० ग्रॅम, त्यातलं निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. २५ टक्क्यांचे १०० मिली म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. मात्रेत जमीन-अस्मानाचा फरक नाही, फरक वाटेचा आहे. एका संध्याकाळवरून काही सिद्ध होत नाही हे खरं. तोवर जेवणाचा जोरही ओसरला असेल. तरी मुलानं नेमकं तेच पाहिलं होतं, जे १९६४ साली लंडनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. त्याकडं येतोच.

आधी ‘मधुमेह’ या शिक्क्याबद्दल. येळवशीनंतर महिनाभरात जवळच्या गावात तपासणी शिबिर होतं. चहा-पोहे आणि बालूशाहीचा नाश्ता, मग पाऊण तासाने बोटातून रक्त. आकडा २२८. उपाशीपोटी पुन्हा तपासायचं कुणी सांगितलं नाही, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) नाही. एक मिग्रॅ ग्लिमेपिराइड, म्हणजे इन्सुलिन सोडायला लावून शुगर उतरवणारी गोळी, सुरू झाली. पुढं उपाशीपोटी ९० आली तेव्हा ‘गोळी लागू पडली’ असा अर्थ लावला गेला. गोळीनंतर झटके आठवड्यावरून रोजावर आले. शिबिरं भरवू नयेत असं मी म्हणणार नाही, त्यांतून खरे मधुमेहीही सापडतात. पण शेवटचा घास कधी घेतला हे ज्या कागदावर लिहिलेलं नाही, त्या कागदावरच्या आकड्याला मी किंमत देत नाही.

तपासायला बंडी वर घेतली तेव्हा छातीच्या खालून बेंबीपर्यंत उभा, पांढरट पडलेला व्रण दिसला.

“हे कशाचं, मामा?”

“ते लई जुनं हाय. अल्सरचं. आठ्ठ्याऐंशी सालातलं. त्याचा काय संबंध?”

संबंध सगळा तोच होता. बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर हा जंतू असतो, हे मार्शल आणि वॉरन यांच्या १९८२ पासूनच्या कामातून पुढं आलं, पण ते पचनी पडायला आणि आम्ल रोखणाऱ्या प्रभावी गोळ्या गावागावात पोचायला बरीच वर्षं गेली. तोवर चिघळलेल्या अल्सरवर शस्त्रक्रिया हाच मार्ग असे : जठराला जाणारी व्हेगस नस कापायची आणि जठराला खालून भोक पाडून ते थेट लहान आतड्याला जोडायचं. एंडोस्कोपीत तो जोड स्पष्ट दिसला, चांगला रुंद. अन्न जठराच्या नैसर्गिक दारातून थोडं थोडं सुटण्याऐवजी या नव्या वाटेनं धो धो उतरत होतं.

मग तीस-बत्तीस वर्षं हा माणूस ठणठणीत कसा राहिला? या प्रश्नाचं उत्तर रक्तात मिळालं नाही, तोंडात मिळालं. दोन-तीन वर्षांत दाढा एकामागून एक पडल्या होत्या. ज्वारीची कडक भाकरी चावून खाणं बंद झालं होतं. तिच्या जागी पातळ काला, चहात बुडवलेली बिस्किटं, खीर, केळी, दुपारी उसाचा रस. म्हणजे ज्या जठरात काही थांबतच नाही, त्यात जे मुळीच थांबत नाही तेच जात होतं.

चाचणी

गोळी आधी बंद केली. घरात मावशींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मधुमेहाच्या गोळ्या होत्याच. चुकून अदलाबदल होत नाही ना, हे डबा मागवून पाहिलं. कुणी दिलेली ‘शुगरची देशी पावडर’ चालू नाही ना, हेही विचारलं. अशा पुड्यांत सल्फोनिलयुरिया (ग्लिमेपिराइडच्याच गटातलं औषध) मिसळलेलं आढळतं, म्हणून हा प्रश्न कधी सोडू नये.

दोन आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी केली, शिरेत सुई ठेवून आणि डेक्स्ट्रोजचं सिरिंज हाताशी भरून. (दुकानात मिळणारं ग्लुकोज पाण्याचा अंश धरून असतं, म्हणून ७५ साठी ८२.५ ग्रॅम मोजावं लागतं.) ग्लुकोज मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये, इन्सुलिन मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटरमध्ये :

उपाशीपोटी : ग्लुकोज ८६, इन्सुलिन ५
३० मिनिटं : २३२, इन्सुलिन १४८
६० मिनिटं : २०४, इन्सुलिन १७६
९० मिनिटं : ९८, इन्सुलिन ६४
१२० मिनिटं : ४९, इन्सुलिन १४
१८० मिनिटं : ७२, इन्सुलिन ६

अर्ध्या तासाला नाडी ७४ वरून ९८ झाली आणि हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) ३६ वरून ३९.५ वर गेलं. गोड, दाट द्रावण एकदम आतड्यात उतरलं की ते रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतं; रक्त दाटतं, नाडी धावते, पोट गुडगुडतं. हा पहिला, लवकरचा झटका. मामांना तो पूर्वीपासून होता, पण ‘जेवल्यावर जरा धडधडतंय’ म्हणून सोडून दिलेला. दुसरा, उशिराचा झटका दोन तासांनी : ४९ ला घाम फुटला, बोटं थरथरली, मुलाचं नाव आठवायला वेळ लागला. शिरेतून डेक्स्ट्रोज थोडंसंच दिलं, पाच मिनिटांत माणूस जाग्यावर. लक्षणं, त्याच क्षणी कमी ग्लुकोज, आणि ग्लुकोज देताच उतार : अमेरिकन शल्यविशारद व्हिपल यांनी १९३८ मध्ये सांगितलेल्या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. तीन तासांचा आकडा त्यामुळं थोडा वर आहे, हे लक्षात घ्यावं.

एचबीए१सी ५.४ टक्के. हिमोग्लोबिन १०.८, लोह कमी. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी उलट थोडं वर दिसतं, तेव्हा खरा मधुमेह त्यामागं लपला असण्याची शक्यता उरली नाही. ३० मिनिटांना २३२ आणि १२० मिनिटांना ४९ हे दोन आजार नव्हते. पहिल्या आकड्यावर इलाज केला गेला, म्हणून दुसरा आकडा आणखी खाली गेला.

आत काय घडत होतं

पाच लिटर रक्तात, १०० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या हिशेबानं, ग्लुकोज असतं फक्त पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. एका बैठकीत ७५ ग्रॅम आलं तर ते सांभाळण्याची मदार वेगावर असते. निरोगी जठर मिनिटाला साधारण दोन ते तीन कॅलरी एवढंच पुढं सोडतं. त्या हिशेबानं ७५ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी, उतरायला पावणेदोन ते अडीच तास लागतात. मामांना मी सांगितलं ते असं : पाटाचं दारं धरून वाफ्यात बेतानं पाणी सोडायचं, त्याऐवजी पाटच फुटलाय.

आता हार्मोन्सकडं. आतडं रक्तावाटे स्वादुपिंडाला निरोप धाडतं, हे १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन या हार्मोनच्या रूपानं दाखवलं; पण तो निरोप पाचक रसासाठी होता. साखरेचा निरोप सापडायला साठ वर्षं गेली. १९६४ मध्ये मॅकिन्टायर, होल्ड्सवर्थ आणि टर्नर यांनी ग्लुकोज एकदा नळीवाटे लहान आतड्यात सोडलं आणि एकदा शिरेतून दिलं. आतड्यातून दिलं तेव्हा रक्तातली साखर कमी चढली, तरी इन्सुलिन जास्त सुटलं. म्हणजे स्वादुपिंड नुसती रक्तातली साखर मोजून काम करत नाही, ती कोणत्या वाटेनं आली याची वर्दी त्याला आतड्याकडून मिळते. निरोगी माणसात तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजला जे इन्सुलिन सुटतं, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा या वर्दीचा. याला इन्क्रेटिन परिणाम म्हणतात. तोंडावाटे ७५ ग्रॅम ग्लुकोजनं रक्तात जो चढ-उतार दिसतो, तोच शिरेतून साधायला एक-तृतीयांशच्या आसपास ग्लुकोज पुरतं. बाकीचं या वर्दीमुळं वाटेतच मार्गी लागलेलं असतं.

वर्दी देणारे मुख्य दोघे. जीआयपी हे ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) आणि त्याच्या लगतच्या आतड्यातल्या ‘के’ पेशींतून येतं. जीएलपी-१ हे ‘एल’ पेशींतून. या पेशी वरच्या आतड्यातही विखुरलेल्या असतात, पण दाटी खालच्या आतड्यात. ग्लुकोज नुसतं समोर असून भागत नाही, ते पेशीत शोषलं जाताना या पेशींना चेव येतो. म्हणून किती आलं याइतकंच किती वेगानं आलं हेही महत्त्वाचं. रोजच्या जेवणात बहुतेक साखर वरच्या आतड्यातच संपते, एल पेशींपर्यंत थोडीच पोचते. मामांच्या जोडातून ती एका दमात खाली धडकत होती. जठर बायपास केलेल्या रुग्णांत जेवणानंतर जीएलपी-१ नेहमीच्या कित्येक पट चढतं हे वारंवार मोजलं गेलं आहे, आणि त्याचा परिणाम औषधानं अडवला की त्यांची शुगर कोसळायची थांबते. मामांचं जीएलपी-१ मी मोजलं नाही. डीपीपी-४ हे विकर सक्रिय जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं करतं. त्यामुळं रक्त काढताक्षणी त्या विकराला रोखणारं रसायन नळीत असावं लागतं, आणि रोजच्या लॅबमध्ये ती सोय नसते. निदानाला त्याची गरजही नव्हती.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज शिरलं की ते जळून एटीपी हा पेशीचा ऊर्जेचा रेणू बनतो, त्यानं पोटॅशियमची वाट बंद होते, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या रिकाम्या होतात. जीएलपी-१ आणि जीआयपी स्वतः हे दार उघडत नाहीत; ग्लुकोजनं उघडलेल्या दारातून बाहेर पडणारं इन्सुलिन वाढवतात. साखर उतरली की त्यांचा जोरही उतरतो. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, ती पोटॅशियमची वाट थेट बंद करते, साखर २०० असो वा ५०. मामांसाठी ती गोळी का घातक होती ते इथं कळतं.

मग इथं वाचकाला शंका यायला हवी : साखर उतरताच हे हार्मोन्स गप्प होत असतील, तर शुगर ४९ पर्यंत जाते कशी? आकड्यांतली ६० व्या आणि १२० व्या मिनिटाची ओळ शेजारी ठेवा. १२० ला रक्तातलं इन्सुलिन १४ वर आलेलं आहे, म्हणजे नळ बंद झालाय. पण तासापूर्वीच्या १७६ नं स्नायूंत आणि चरबीत ग्लुकोज ओढायची जी यंत्रणा उघडली आणि यकृताचं ग्लुकोज सोडणं थांबवलं, ते रक्तातलं इन्सुलिन उतरल्यावरही काही वेळ चालू राहतं. दुसऱ्या बाजूला आतड्यातून येणारी साखर मात्र संपलेली असते, कारण ती पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच सगळी आत गेली. खर्च चालू, आवक बंद. साखर वर चढवणारे ग्लुकागॉन आणि ॲड्रिनलिन हे हार्मोन्स मदतीला येईपर्यंतची ती वीस-तीस मिनिटं म्हणजे मामांचा झटका. घाम आणि थरथर ही तर ॲड्रिनलिनचीच.

साखरपाण्याचं कोडं आता उलगडतं. चार चमचे साखर जोडातून सरळ आतड्यात, पुन्हा तीच वर्दी, पुन्हा इन्सुलिनचा लोंढा, दीड तासानं पुन्हा झटका. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजनं आतड्याला पत्ताच लागत नाही.

मावशींनी हे सगळं ऐकून विचारलं, “मग माझी का वाढून बसतीय? आमी दोघं एकाच ताटातलं खातोय.” प्रश्न रास्त होता. त्यांना टाइप २ मधुमेह, बारा वर्षांचा. त्यांच्यात जीआयपी सुटतं, पण बीटा पेशी त्याला दाद देत नाहीत. इन्क्रेटिन परिणाम घटतो, हे नाउक आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. त्यात जेवणानंतर दबायला हवं ते ग्लुकागॉनही दबत नाही, यकृत भरल्यापोटी साखर सोडत राहतं. जीएलपी-१ ला मात्र त्या पेशी अजून साथ देतात, आणि म्हणूनच त्यांच्या गोळ्यांत डीपीपी-४ ला अडवून जीएलपी-१ टिकवणारी सिटाग्लिप्टिन आहे. एका ताटात दोघांची शुगर विरुद्ध दिशेला जाते ती अशी. दोघांचे गोळ्यांचे डबे वेगळ्या रंगाचे करायला लावले.

इलाज

पहिला इलाज ताटातला. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. जेवताना पाणी, ताक, आंबिल नाही. अर्ध्या तासानं प्यावं. आधी उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा दही, मग भाकरी. दह्यात चमचाभर मेथीदाण्याची पूड. तिच्यातला चिकट तंतू आतड्यात साखरेची चाल मंद करतो. गवारीच्या बियांचा गोंद याच कामासाठी वापरतात, पण तो घशाखाली उतरवणं हे दिव्य आहे, मेथी बरी. उसाचा रस आणि खीर बंद. येळवशीची आंबिल तांब्यानं नाही, वाटीनं, आणि ती जेवण झाल्यावर. जेवल्यावर अर्धा तास आडवं होणं. शेतकऱ्याला हे सगळ्यात अवघड गेलं.

महिन्यात झटके कमी झाले, थांबले नाहीत. दंडावर साखर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावला. एके दिवशी १२.४० ला २५१ आणि २.१५ ला ५४. वहीत त्या दिवसापुढं एवढंच : ‘लग्न. बुंदी.’ (खालच्या आकड्यांना सेन्सर थोडा चुकतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागं असतो, पण बुंदीबद्दल दुमत नको.)

मग अकार्बोज जोडलं, २५ मिग्रॅ, पुढं ५०, दोन्ही जेवणांच्या पहिल्या घासाबरोबर. हे स्टार्च आणि साखर तोडणाऱ्या विकरांना आतड्यातच रोखतं, म्हणून ग्लुकोज सावकाश तयार होतं. यात दोन गोष्टी नीट समजावून सांगाव्या लागतात. एक, नुसत्या ग्लुकोजवर या गोळीचा काही परिणाम नाही, ते आधीच सुटं असतं. तेव्हा गोळीचा गुण बघायला पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजणं व्यर्थ, रोजचं जेवण देऊनच बघावं. दुसरी जिवावरची : ही गोळी चालू असताना शुगर उतरलीच तर साखर किंवा गूळ लवकर कामाला येत नाही, कारण साखर तुटायचीच अडलेली असते. ग्लुकोजची पुडी खिशात हवी, तिच्यावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं बघून घेतलेली, आणि तीही चमचा-दोन चमचे. लगेच वर मूठभर शेंगदाणे, म्हणजे दुसरा झटका येत नाही. पहिले पंधरा दिवस “पोट गुबारायलंय” ही तक्रार होती, मग सरावलं.

सहा आठवड्यांनी भाकरी, वरण, दही असं जेवण देऊन पाहिलं : एक तासाला १४८, दोन तासांना ८४, तीन तासांना ७९. आहार आणि या गोळीनं भागलं नसतं तर डायझॉक्साइड किंवा ऑक्ट्रिओटाइड या इन्सुलिन दाबणाऱ्या औषधांची पायरी होती, जोड सोडवायची शस्त्रक्रिया त्याही पलीकडं. तिथवर जावं लागलं नाही.

फायलीवरचा ‘मधुमेह’ खोडून तिथं ‘जुना जठर-आतडं जोड, ग्लिमेपिराइड देऊ नये’ असं लाल शाईनं लिहिलं. बी१२ जीवनसत्त्व १६० निघालं. अशा जोडात ते आणि लोह दोन्ही कमी पडतात, म्हणून इंजेक्शनं आणि लोह सुरू केलं. हाडांच्या घनतेची तपासणी अजून व्हायची आहे. कवळी लातूरला बसवून घेतली, खालची टोचते म्हणून परत घासायला दिली आहे.